नाही म्हणण्याचे कलम

उस्मानाबाद,
ता. १२ जानेवारी १९५९

चि. सिद्धलिंग,

आशीर्वाद गृहीत धर आणि मुद्द्यावर ये, असे मला तुझ्याच पत्राला उत्तर म्हणून लिहावेसे वाटते. चार पाने भरून तू बेगमपेटच्या थंडीचे, खाणावळीचे आणि सहाध्यायांचे वर्णन केलेस आणि जी बातमी पहिल्या ओळीत हवी होती ती शेवटी, सहीच्या वर, दाटीवाटीने कोंबलीस. अर्ज असा लिहिणाऱ्याला मी माझ्या कार्यालयात उभे केले नसते.

बातमी अशी की तुला दोन जागा चालून आल्या आहेत. एक सरकारी विमान महामंडळात सहवैमानिकाची. दुसरी सोलापूरच्या ईरण्णाशेठांकडे, त्यांच्या गिरणीसाठी घेतलेल्या दोन इंजिनांच्या विमानावर एकमेव वैमानिक म्हणून. आणि तू लिहितोस, ‘माझा कल दुसरीकडे आहे.’

कल! तू भिंत आहेस की काय?

तुझे वडील गेल्यावर तुला अणदूरहून मी इथे आणले, ते तू कोणाच्या तरी दारात उभा राहावास म्हणून नव्हे. मालकाच्या दारात उभे असलेले विमान म्हणजे पंख लावलेला टांगा. मी वकील आहे. माझ्याकडे अनेक अशील येतात, म्हणून मी कोणाचाच नोकर नाही. ज्या वकिलाला एकच अशील असतो त्याला जग कारकून म्हणते. महामंडळाच्या विमानात तिकीट काढून कोणीही बसेल. त्यांच्यातला एकही तुला ‘चल’ म्हणू शकणार नाही. ईरण्णाशेठ म्हणतील, आणि तू चालशील.

एका माणसाच्या मर्जीवर चालणारे राज्य मी माझ्या अर्ध्या आयुष्यात पाहिले. हैदराबाद विलीन झाले तेव्हा तू शाळेत होतास. तुला तो केवळ सुट्टीचा दिवस वाटला असेल. आम्हाला तो मर्जीकडून नियमाकडे जाण्याचा दिवस होता. आणि तू उलट दिशेने निघाला आहेस.

महामंडळाला होकार कळव. काकू बरी आहे.

तुझा काका,
वीरप्पा

बेगमपेट, हैदराबाद,
ता. २० जानेवारी १९५९

तीर्थरूप काका,

आपल्या पायांशी डोके ठेवून, पण मान वर करून लिहितो.

बातमी शेवटी लिहिली, कारण ती वाचल्यावर आपण उरलेली पाने वाचणार नाही याची मला खात्री होती. तसेच झाले. खाणावळीच्या परिच्छेदात माझ्या खोकल्याबद्दल होते. त्याविषयी आपण अवाक्षर काढलेले नाही. खोकला बरा आहे.

महामंडळ वाईट आहे असे मी कोठेही म्हटलेले नाही. आठ कंपन्या एकत्र करून ते उभे राहिले. त्या आठही कंपन्यांचे वैमानिक ज्येष्ठतेच्या यादीत माझ्यापुढे आहेत. ते न्याय्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की विमानातल्या उजव्या आसनावर मी वर्षानुवर्षे बसणार. डाव्या आसनावर कॅप्टन. चाके उचल म्हटले की उचलायची, नकाशा दे म्हटले की द्यायचा. वादळ आले तर निर्णय त्यांचा आणि साक्षीदार मी.

शिकाऊ असताना माझे प्रशिक्षक एकदा धुक्यात माझ्या शेजारी मुद्दाम गप्प बसले होते. धावपट्टी दिसेना. मी त्यांच्याकडे पाहिले, तर ते खिडकीबाहेर पाहत होते. परतायचे मी ठरवले. उतरल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘आज तू वैमानिक झालास.’ काका, यंत्र चालवणे ही कारागिरी आहे. केव्हा चालवायचे नाही, ही विद्या आहे. ती उजव्या आसनावर बसून शिकता येत नाही.

ईरण्णाशेठांना भेटून आलो. ते झोपाळ्यावर बसले होते. मला खालून वर न्याहाळून म्हणाले, “मोटार येते का हो तुम्हाला चालवता?”

“येते.”

“मग झालं की. इमान म्हंजे तीच गाडी. रस्ता न्हाय एवढंच.”

मी म्हणालो, “रस्ता नाही म्हणूनच एक अट आहे. उडायचे की नाही ते मी ठरवीन.”

ते हसले. “ठरवा की. मला काय, वेळेवर पोचल्याशी मतलब.”

आपण म्हणाल, हा होकार नव्हे. मला तो पुरेसा आहे. मर्जीच्या राज्यात राहून नियम उभा करता येतो की नाही, हे मला पाहायचे आहे. नियमांच्या राज्यात नियम पाळणे कोणालाही जमते.

आपला,
सिद्धलिंग

उस्मानाबाद,
ता. २७ जानेवारी १९५९

चि. सिद्धलिंग,

शेवटचे वाक्य दोनदा वाचले. ते चांगले आहे. म्हणूनच सावध करतो: चांगले वाक्य सुचले की माणसाला आपले म्हणणे खरे वाटू लागते. हा आजार आमच्या धंद्यात फार.

मीही ज्येष्ठ वकिलांच्या मागे त्यांची पुस्तके घेऊन हिंडलो आहे. त्याने माझी विद्या आटली नाही. पण तुझ्याशी त्या मुद्द्यावर वाद घालणे मी सोडले. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुझी लाज वाटते.

झोपाळ्यावर बसलेला गिरणीमालक हसत ‘ठरवा की’ म्हणतो आणि तुला ते पुरते! तू अणदूरचा ना? आपला खंडोबा एकच, गावे दोन. देव अणदूरहून मैलारपूरला निघतो तेव्हा दोन्ही गावचे मानकरी आधी समोरासमोर बसून लेखी करार करतात: देव केव्हा न्यायचा, केव्हा परत आणायचा. त्याशिवाय पालखी हलत नाही. ज्या गावात देवावरसुद्धा तोंडी विश्वास ठेवत नाहीत, त्या गावचा मुलगा सूतगिरणीच्या मालकाच्या हसण्यावर नोकरी धरतो.

सोबत एक कलम लिहून पाठवत आहे. त्यातला स्वल्पविरामही न बदलता ते नेमणुकीच्या करारात घालायला सांग. घातले तर जा. न घातले तर महामंडळ. हे तुला मान्य असल्याचे मी गृहीत धरतो, कारण अमान्य असेल तर तुझी अट म्हणजे नुसती ऐट होती.

‘उड्डाण करावे की करू नये, केव्हा करावे आणि कोठून माघारी फिरावे, याचा निर्णय केवळ वैमानिकाचा राहील. मालक, त्यांचे आप्त, पाहुणे अथवा नोकर यांना त्यात बोलण्याचा अधिकार असणार नाही. निर्णय मागाहून अनावश्यक ठरला, तरी तो चुकीचा होता असे मानले जाणार नाही.’

माझे मुनशी दादामियाँ याची नक्कल करताना मान हलवत होते. “वकीलसाब, असल्या कागदावर कोन शहाना सही करील?”

मी म्हणालो, “तुम्ही नक्कल करा.”

काका

सोलापूर,
ता. ३ मार्च १९५९

तीर्थरूप काका,

आपल्या मसुद्याला आणि आपल्याला, दोघांनाही दंडवत.

सही झाली. स्वल्पविरामांसकट.

शेठजींनी कागद प्रथम मुनिमाकडून वाचून घेतला. मग स्वतः वाचला. मग चष्मा काढून मला विचारले, “हे तुम्ही लिहिलं?”

“माझ्या काकांनी. ते उस्मानाबादला वकील आहेत.”

“गाव कोंचं तुमचं?”

“अणदूर.”

“अरारारा! मग आधी सांगायचं की! आमच्या घरचा देव तोच. आज्जा आम्हाला पाया पडायला न्यायचा. देवाकडून बी लिहून घेणारी मान्सं तुमी; मी कोन लागून गेलो?” आणि मुनिमाला म्हणाले, “दौत आन रे.” मुनीम कानाशी लागून काही सांगू लागला, तर त्याला म्हणाले, “गप बस. कलम असलं म्हून काय झालं? रोज रोज कोन भांडतंय?”

म्हणजे त्यांनी सही केली ती कलम पटले म्हणून नव्हे. ते कधी लागू होईल असे त्यांना वाटत नाही म्हणून. हे मला कळते. आणि काका, दुसरेही एक कळते. हे कलम आपण मान्य व्हावे म्हणून लिहिले नव्हते. कोणताही मालक ते वाचून मला हाकलून देईल आणि मी निमूट महामंडळात जाईन, असा आपला हिशेब होता. आपल्या अक्षरावरून ओळखले. आपल्याला खरोखर काही घडवून आणायचे असते तेव्हा आपण इतके सुंदर लिहीत नाही.

तरीही आभार. मोडण्यासाठी लिहिलेल्या कागदावर मी उभा आहे आणि तो भक्कम आहे.

महामंडळाला आज नकार पाठवला. विमान पांढरे आहे, शेपटीवर गिरणीची निळी खूण. डावे आसन माझे.

आपला,
सिद्धलिंग

उस्मानाबाद,
ता. २२ जून १९५९

सिद्धलिंग,

तीन महिन्यांत मी तुला एकही पत्र लिहिले नाही, यावरून माझे मत तुला कळले असेल. आज लिहितो, कारण तुझे नाव मी बार रूममध्ये दुसऱ्याच्या तोंडून ऐकले.

सोलापूरहून एका खटल्यासाठी आलेले वकील सर्वांसमोर रंगवून सांगत होते. गेल्या आठवड्यात ईरण्णाशेठांना मुंबईत नव्या यंत्रांच्या परवान्यासाठी अधिकाऱ्यांसमोर हजर व्हायचे होते. वेळ ठरलेली होती. तू सकाळी धावपट्टीवर त्यांना अडवलेस. डोक्यावर लख्ख ऊन होते. शेठजींनी सांगून पाहिले, हात जोडून पाहिले. तू कागद पुढे केलास. आणि त्याच दिवशी पुण्याहून निघालेले दुसरे एक विमान जुहूला सुखरूप उतरले. परवाना दुसऱ्या गिरणीला गेला. ते वकील म्हणाले, “वैमानिक भित्रा निघाला, मालक बिचारा बांधला गेला.” सगळे हसले. मीही तेथे बसलो होतो. माझे आणि तुझे आडनाव एक आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

तू चुकलास. हे मी भावनेने म्हणत नाही, पुराव्यावर म्हणतो. आकाश मोकळे होते, दुसरा गेला, तू गेला नाहीस. एवढ्यावर कोणतेही न्यायालय निकाल देईल.

योगायोगाने महामंडळाचे दुसरे पत्र माझ्या पत्त्यावर आले आहे. काही जागा वाढल्या आहेत. ज्यांची आधी निवड झाली होती त्यांना पुन्हा विचारले आहे. जुलैच्या आठ तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे. शेठजींची रीतसर क्षमा माग, हिशेब चुकता कर आणि ये. मी या विषयावर पुन्हा तुला टोचणार नाही, असे वचन देतो.

वीरप्पा

सोलापूर,
ता. २६ जून १९५९

तीर्थरूप काका,

वचनाची गरज नाही. टोचा. ज्या सभेत मला भित्रा म्हटले गेले तेथे आपण गप्प बसलात, त्यापेक्षा अधिक काय टोचणार?

पुरावा मागता, तर पूर्ण घ्या, अर्धा नको. त्या सकाळी मी पुण्याच्या वेधशाळेला ट्रंक कॉल लावला. घाटमाथ्यावर ढग डोंगराला टेकले होते. ते खरोखरच टेकलेले होते. सोलापूरच्या उन्हाचा त्याच्याशी संबंध नाही; आपल्या अंगणात ऊन आहे म्हणून तुळजापूरला पाऊस नाही असे आपण म्हणत नाही. पुढे वारा फिरला, ढग उचलले गेले आणि दुसरा वैमानिक पुण्याहून निघाला. त्याच्यासमोर जे आकाश होते ते माझ्यासमोर नव्हते. त्याने योग्य केले. मीही योग्य केले.

शेठजी म्हणाले, “अहो, ऊन बघा की! कातडं भाजतंय!” मी म्हणालो, “उन्हावरून नाही, डोंगरावरून जायचे आहे.” ते म्हणाले, “माझ्या पोटावर पाय देताय तुमी.” ते खरे होते. मी विमानाचे दार बंद केले. ‘खरे आहे,’ एवढे मात्र त्यांना सांगितले. हे बार रूममध्ये कोणी सांगितले नसेल.

आता आपल्या निकालाविषयी. ‘निर्णय मागाहून अनावश्यक ठरला, तरी तो चुकीचा होता असे मानले जाणार नाही.’ हे वाक्य कोणाचे आहे? आपण आयुष्यभर दुसऱ्यांना कागद वाचायला लावलेत. हा आपला कागद आपणच वाचला नाहीत. ईरण्णाशेठांनी तरी वाचला. संतापले, पण त्या दिवशी त्यांनी मला ‘उडव’ असा हुकूम केला नाही. विनंती केली. सहीला ते जागले.

आता त्यांचे दोन आग्रह आहेत. मी लेखी क्षमा मागावी, आणि ते कलम करारातून काढावे. तोपर्यंत ते विमानात बसणार नाहीत. मी दोन्ही नाकारले. रोज सकाळी विमान पुसून, इंजिने तापवून, धावपट्टीच्या टोकाशी उभे करतो आणि तेथेच थांबतो. कोणी येत नाही. मुनीम दुरून बघून जातो.

महामंडळाकडे आज गेलो, तर हिंदुस्थानात जेवढी खासगी विमाने आहेत त्यांच्या मालकांना एकच गोष्ट कळेल: वैमानिकाला दोन आठवडे एकटे उभे केले की तो पळतो. मी पळणार नाही. काढले तर जाईन. पण मग ते काढतील, मी निघणार नाही.

आपल्याला हे हट्टाचे वाटत असेल तर येऊन पाहावे.

सिद्धलिंग

उस्मानाबाद,
ता. ९ जुलै १९५९

चि. सिद्धलिंग,

तुझ्याशी धावपट्टीवर बोलणे झाले नाही. बोलण्यासारखी माझी स्थितीही नव्हती. म्हणून लिहितो. तुला ठाऊक नसलेला भाग आधी.

मी सोलापूरला आलो तो तुझी बाजू घेण्यासाठी नव्हे. महामंडळाचे पत्र खिशात होते. शेठजींकडून तुला सन्मानाने मोकळे करून घ्यावे आणि सोबतच घेऊन यावे, असा बेत होता. परवा संध्याकाळी थेट त्यांच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी सुपारी पुढे केली आणि म्हणाले, “वकीलसाहेब, पोरगं हुशार हाय. माझी काय तक्रार न्हाय. तेवढं कलम काढून टाका, राहू द्या त्याला.”

माझे काम इतके सोपे झाले होते. ‘कलम निघणार नाही, तेव्हा मुलाला सोडा,’ एवढेच म्हणायचे होते.

“काय काढू?” मी विचारले.

“त्ये शेवटचं वाक्य तरी. मागून चुकीचं ठरलं तरी चुकीचं न्हाय, ह्ये काय गणित झालं?”

आणि माझ्या तोंडून निघाले, “माझ्या मसुद्यातले एक वाक्य काढले की उरलेली पडतात. ते सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याच्याशिवाय निर्णयाचा अधिकार म्हणजे चुकल्यावर फाशी देण्याचे आमंत्रण.” मग मी तासभर बोललो. सिद्धलिंग, कोर्टात मी इतके चांगले क्वचितच बोललो असेन. तू लिहिलेस ते खरे आहे: ते कलम मी मोडण्यासाठी लिहिले होते. पण वाईट हेतूने लिहिले म्हणून वाईट लिहिले असा त्याचा अर्थ होत नाही. मला वाईट लिहिता येत नाही.

शेठजी कंटाळले. म्हणाले, “बरं बरं. असं करा, सकाळी पुण्याला जायचंय मला. तुमी बी चला संगट. तुमच्या पुतण्यानं नेलं तर नेलं. बघू.”

मी विमानात कधी बसलेलो नाही. रात्रभर तुझी काकू काय म्हणेल याचा विचार करत होतो.

पुढचे तू पाहिलेस, पण तुझ्या जागेवरून. माझ्या जागेवरून असे दिसले: विमान उभे, शेठजी आणि मी, दोघेही नव्या कपड्यांत. आकाशात एक चिंधी ढग नव्हता. तू कार्यालयाच्या खोपटातून टेलिफोन करून बाहेर आलास. मला पाहून तुझा चेहरा पडला, आणि मला वाटले, आता हा काकांसाठी तरी उडवील. माझ्या समोर याला पुन्हा भित्रा ठरायचे नसेल.

तू पाया पडलास. उठून म्हणालास, “आज नाही.”

शेठजींनी तुझ्याकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे वळले. “काका हायसा तुमी. वडलांच्या जागी. तुमीच सांगा त्याला.”

तो क्षण मी सांगतो तितका लहान नव्हता. तीस वर्षे लोकांना काय करावे हे सांगण्याचा मी धंदा केला आहे. तुला तर तू जोडाक्षरे गिरवत होतास तेव्हापासून सांगत आलो आहे. माझ्याजवळ युक्तिवाद तयार होते आणि डोक्यावर ऊन माझा साक्षीदार होते.

मी म्हणालो, “शेठजी, मी आज आपला पाहुणा आहे. कलमात पाहुण्याला बोलण्याचा अधिकार नाही.”

शेठजी इतके मोठ्याने हसले की मोटारीतला मुनीम घाबरून खाली उतरला. “दोघं बी एका मातीचे!” म्हणाले. आणि मोटारीत बसता बसता तुला विचारले, ते तुला ऐकू आले असेल, मला फार स्पष्ट ऐकू आले: “उद्या जमंल का हो, कॅप्टन?” या माणसाने प्रश्न विचारला. हुकूम नव्हे, विनंती नव्हे; साधा प्रश्न. तू म्हणालास, “उद्या पाहून सांगतो.” ते ‘बरं’ म्हणाले आणि रस्त्याने पुण्याला गेले. क्षमेचे नाव निघाले नाही.

मी एसटीने परत आलो. तुळजापूरचा घाट चढेपर्यंत खिडकीतून ऊन तोंडावर येत होते. शेजारचा शेतकरी मला दोनदा म्हणाला की अशी उघाड बऱ्याच दिवसांनी पडली. पुण्यात त्या दिवशी काय झाले, ढग होते की नव्हते, याची मी चौकशी केलेली नाही. करणारही नाही. मात्र बार रूममध्ये चौकशी करणारा कोणी भेटलाच, तर तो माझा पुतण्या आहे हे मी त्याला आधी सांगेन आणि मग ऐकेन.

माझे मत बदललेले नाही. महामंडळच तुझ्यासाठी अधिक योग्य होते, आणि तुझ्या हट्टापायी एक उत्तम नोकरी गेली असे मी मरेपर्यंत म्हणेन. मुदत काल संपली. ते पत्र सोबत पाठवत आहे. ते तुझे आहे. मी त्याला उत्तर दिलेले नाही, कारण उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता.

काल घरी पोचलो तेव्हा दादामियाँ ओट्यावर वाट बघत बसले होते. गल्लीतली दोन-चार माणसेही रेंगाळत होती. मी उडणार ही बातमी तुझ्या काकूने पसरवली होती.

“वकीलसाब, उडले का मग?”

“नाही.”

“का? इमान बिघडलं?”

मी पायताण काढले, ओट्यावर चढलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “वैमानिकाने परवानगी दिली नाही.”

काका